थुनेरसाठी जनुकीय मार्कर तयार करायचे असतील तर

पहिल्या वर्षी मी थुनेरच्या सुयांची साठ पाकिटं घेऊन डोंगर उतरले आणि त्यातली निम्मी फेकून दिली. सिलिका जेल मी चहात साखर घालावी तसं चमचाभर घातलं होतं. सुया ओल्याच राहिल्या आणि तपकिरी पडल्या. दुसऱ्या वर्षी सुया छान हिरव्या वाळल्या, पण पाकिटांवर जेल पेननं लिहिलेले झाडांचे नंबर अल्कोहोलच्या दोन थेंबांनी धुऊन निघाले. पद्धतींच्या पुस्तकात सगळ्या पायऱ्या असतात, फक्त पाय कुठे घसरतो ते नसतं. म्हणून हे टिपण.

थुनेर म्हणजे हिमालयातला यू, एक सूचिपर्णी वृक्ष. गढवालात थुनेर, हिमाचलात रखाल. देवदारासारखा मिरवणारा नाही. खरसू ओक आणि रागा फर यांच्या सावलीत, ओलसर उतारावर, कूर्मगतीनं वाढणारा. जुन्या कागदपत्रांत सगळ्याच हिमालयी यूला एकच नाव दिलेलं दिसतं. आता पश्चिमेकडच्या झाडांना टॅक्सस कॉन्टॉर्टा आणि पूर्वेकडच्यांना टॅक्सस वॉलिचियाना म्हणतात. दोन्ही जाती आययूसीएनच्या लाल यादीत 'धोक्यात' या गटात आहेत. साल चहासाठी सोलली जायचीच. पुढे कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेलसाठी साल आणि सुया दोन्हींवर धाड आली. ते औषध मुळात अमेरिकेतल्या पॅसिफिक यूच्या सालीत सापडलं. त्याची रचना १९७१ मध्ये मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. थुनेरवर काम करणाऱ्या मराठी माणसाला हे माहीत नसलं तर मी जरा रागावतेच.

मार्कर म्हणजे डीएनएवरची अशी जागा, जिथे झाडाझाडांत फरक असतो आणि तो फरक स्वस्तात, पुन्हा पुन्हा, तसाच वाचता येतो. मी इथे मायक्रोसॅटेलाइटबद्दल सांगणार आहे: 'एजीएजीएजी' सारखी दोन-तीन अक्षरांची पुनरावृत्ती, कुणात बारा वेळा, कुणात सतरा वेळा. एसएनपीचं, म्हणजे एकेका अक्षराच्या फरकांचं, युग आलेलं असताना हे जुनाट का? तुमच्याकडे शेकडो झाडं, तुटपुंजा निधी आणि एक पीसीआर यंत्र (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं) असेल, आणि प्रश्न 'कुठली झाडं एकमेकांची भावंडं, कुठल्या रानात वैविध्य उरलंय' असा असेल, तर बारा-पंधरा नीट पारखलेले मायक्रोसॅटेलाइट आजही पुरतात. उंचीनुसार झाडांत झालेलं अनुकूलन शोधायचं असेल तर मात्र हे टिपण बाजूला ठेवा. त्याला हजारो एसएनपी लागतात. प्रश्न आधी कागदावर लिहा. मी तो लिहिला नव्हता, म्हणून माझा पहिला प्रस्ताव परत आला, आणि बरोबरच परत आला.

परवानगीचं थोडक्यात सांगते. राज्याच्या वनविभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय सुईलाही हात लावू नका. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आणि सायटीस (दुर्मिळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) अशी दोन दारं ठोठवावी लागतात. टॅक्सस वॉलिचियाना सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. शक्यतो सगळं काम देशातच करा, वर्ष वाचतं.

रानात

एका ठिकाणची २५ ते ३० झाडं पुरतात, पण ती कुठली हे महत्त्वाचं. माझ्या पहिल्या यादीत पायवाटेकडेची मोठी, देखणी झाडं होती. आमच्याबरोबरच्या वनरक्षकानं दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडमजी, बच्चों का नहीं लेंगे?" तेव्हा मला उमगलं. थुनेर शेकडो वर्षं जगतो. आज उभी असलेली म्हातारी झाडं रान तुटण्याच्या आधीची आहेत. त्यांच्यात जुनं वैविध्य शाबूत दिसणारच. तोडीचा परिणाम दिसेल तो त्यानंतर रुजलेल्या रोपांत. तेव्हा मोठी झाडं आणि रोपं असे दोन वेगळे गट करा. झाडांमध्ये तीसेक मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच आईची लेकरं गोळा कराल.

प्रत्येक झाडाचं लिंग नोंदवा. थुनेरमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. वसंतात परागशंकू दिसले तर नर, शरदात बियांभोवती लाल गर दिसला तर मादी. दोन फेऱ्या माराव्या लागतात, पण पुढे हिशेबात याचा उपयोग होतो.

कोवळ्या सुया घ्या. सुयांच्या वजनाच्या दहापट सिलिका जेल, दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. नंबर पेन्सिलीनं, कागदाच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी पाकिटाच्या आत. जीपीएसची नोंद वहीतही हवी. मोबाइलची बॅटरी थंडीत दगा देते. एका ठिकाणची किमान एक फांदी हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबून ठेवा. उद्या जातीचं नाव पुन्हा बदललं तर तीच फांदी तुम्हाला वाचवेल.

आणि बिया गोळा करा. जमिनीवरून नको, झाडावरूनच, आणि प्रत्येक आईच्या बिया वेगळ्या पाकिटात. लाल गर पक्षी खातात आणि बी भलतीकडे टाकतात, त्यामुळे झाडाखाली पडलेलं बी त्याच झाडाचं असेल याची खात्री नाही. या बियांचं काय करायचं ते पुढे सांगते. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट तीच आहे.

डीएनए

सूचिपर्णी झाडाचा डीएनए काढणं म्हणजे चिकट पाकातून धागा ओढणं. राळ, पॉलिफेनॉल, पॉलिसॅकराइड, सगळं डीएनएबरोबर येतं. सीटॅब पद्धत वापरा. तिच्यात पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल सढळ हातानं घाला आणि क्लोरोफॉर्मनं दोनदा धुवा. सुया द्रव नायट्रोजनमध्ये कुटताना हातमोजे आणि मास्क हवेतच. यूच्या सुयांत टॅक्सीन असतं आणि ते विषारी आहे. शेवटचा द्रव तपकिरी दिसला तर पुढे जाऊ नका. नॅनोड्रॉप या शुद्धता तपासणाऱ्या यंत्रावर २६०/२८० चं गुणोत्तर १.८ दिसलं की आपण खूश होतो, पण खरा घोळ २६०/२३० मध्ये कळतो. ते १ च्या आसपास रेंगाळत असेल तर साखर आणि फेनॉल अजून आत आहेत. डीएनए किती आहे ते मात्र क्युबिटवर मोजा. नॅनोड्रॉप कचराही डीएनए म्हणून मोजतो.

चाळणी

आता आकड्यांचा प्रश्न. माणसाचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा एक पूर्ण संच, सुमारे ३.२ अब्ज अक्षरांचा. नॉर्वे स्प्रूस या झाडाचा जीनोम, सूचिपर्णींमधला पहिला, २०१३ मध्ये वाचला गेला, तो २० अब्जांच्या घरात. टॅक्सस त्यामानानं आटोपशीर, १० अब्जांच्या आसपास. पण त्यातला प्रचंड भाग रेट्रोट्रान्सपोझॉनच्या (स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या) प्रतींनी भरलेला आहे. एकच मजकूर हजारो पानांवर छापलेला ग्रंथ समजा. प्रायमर म्हणजे हवी ती जागा पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा, एका जागेसाठी दोन, पुढचा आणि मागचा. तो अशा मजकुरावर बसला तर एका जागी न बसता हजार जागी बसेल आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर स्वच्छ पट्ट्याऐवजी नुसता धूर दिसेल.

चांगली बातमी ही की मार्करसाठी अख्खा जीनोम जुळवावा लागत नाही. एका झाडाचा इल्युमिना या डीएनए वाचणाऱ्या यंत्रावरचा ५ अब्ज अक्षरांचा डेटा घ्या, शक्यतो २५० किंवा ३०० अक्षरांच्या दुहेरी रीडचा (एकाच तुकड्याचं दोन्ही टोकांकडून केलेलं वाचन), आणि दोन्ही रीड एकमेकांत जोडून घ्या. हा जीनोमचा अर्धा पट डेटा झाला. जुळवणीच्या दृष्टीनं भिकार, पण पुनरावृत्ती शोधायला भरपूर.

हा 'अर्धा पट' नीट लक्षात ठेवा, कारण सगळी चाळणी त्यावर चालते. जी जागा जीनोममध्ये एकदाच आहे ती या डेटात एकदा दिसेल किंवा दिसणारच नाही, क्वचित दोनदा. तेव्हा मिसा किंवा क्यूडीडी या संगणकी प्रणालीनं मायक्रोसॅटेलाइट शोधून झाले की प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचा मजकूर सगळ्या रीडवर ब्लास्ट करा, म्हणजे जुळवून पाहा. तोच मजकूर तीस रीडमध्ये सापडला तर ती जागा रेट्रोट्रान्सपोझॉनमधली आहे किंवा हरितलवकातली. दोन्ही केंद्रकातल्या मार्करसाठी बाद. मी पहिल्यांदा ही पायरी गाळली होती. मागवलेल्या प्रायमरच्या पहिल्या जथ्यातल्या बहुतेक जोड्यांनी धूर काढला तो त्यामुळेच.

हरितलवकाचे रीड फेकू मात्र नका. त्याच्या पेशीत इतक्या प्रती असतात की एवढ्याशा डेटातून अख्खा हरितलवक जीनोम फुकट जुळून येतो. जात ओळखायला तो उत्तम. बहुतेक सूचिपर्णींमध्ये हरितलवक बापाकडून येतो, म्हणजे परागाचा माग काढायलाही तो कामाचा. तो अखंड गठ्ठ्यानं वारशात येतो, त्यामुळे त्यावरचे पाच मार्कर म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराची पाच वाक्यं.

चाळणीतून उरलेल्यांतून निवडताना माझे नियम असे. दोन अक्षरांची पुनरावृत्ती किमान दहा वेळा, तीन अक्षरांची किमान सात वेळा. मधे खंड पडलेल्या नकोत. नुसत्या 'एटी'च्या नकोत, त्या स्वतःलाच चिकटतात. तुकड्याची लांबी १०० ते ३०० अक्षरं, कारण जुन्या हर्बेरियम नमुन्यातला डीएनए तुटलेला असतो आणि कधीतरी तो वापरायची वेळ येते. प्रायमर ३ या प्रणालीत वितळतापमान ६० अंश सेल्सियसच्या जवळ ठेवा. तीन अक्षरी पुनरावृत्त्यांना मी झुकतं माप देते. त्यांच्यात वैविध्य थोडं कमी, पण तुकड्यांच्या लांबीचा आलेख स्वच्छ येतो, आणि रात्री अकराला आलेख वाचणाऱ्याला स्वच्छपणाची किंमत कळते.

मागवणं आणि पहिली चाचणी

प्रायमरच्या प्रत्येक जोडीला यंत्राला दिसणारा रंग लावून मागवणं महाग पडतं. पुढच्या प्रायमरला एम१३ ची शेपटी जोडा आणि रंग लावलेला एकच एम१३ प्रायमर सगळ्यांना वापरा. मागच्या प्रायमरच्या सुरुवातीला 'जीटीटीटीसीटीटी' ही सात अक्षरं जोडा. पॉलिमरेज तुकड्याच्या टोकाला कधी एक जादा 'ए' लावतो, कधी नाही, आणि मग एकाच अलीलची (त्या जागेच्या एका रूपाची) आलेखात दोन शिखरं दिसतात. या सात अक्षरांमुळे तो जवळजवळ नेहमीच लावतो.

पीसीआर टचडाऊन पद्धतीनं (तापमान पायरीपायरीनं उतरवत) करा आणि मिश्रणात थोडं बीएसए हे प्रथिन घाला, ते उरलेल्या फेनॉलला गुंतवून ठेवतं. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

चाचणीसाठी आठ झाडं निवडा, ती मात्र आठ वेगवेगळ्या खोऱ्यांतली. एकाच खोऱ्यातली आठ घेतली तर चांगला मार्करही एकसुरी वाटून हातचा जातो. शिवाय एक नमुना टॅक्ससच्या दुसऱ्या जातीचा आणि एक नुसत्या पाण्याचा. आमच्या दुसऱ्या जथ्यात ४८ जोड्या होत्या. जेलवर स्वच्छ पट्टा ३१ नी दिला, आठ झाडांत फरक १९ नी दाखवला, आणि शेवटपर्यंत ११ टिकल्या. ही गळती पाहून खचू नका. प्रस्ताव लिहिताना लागतील त्याच्या चौपट प्रायमरचा खर्च मांडा.

बियांची साक्ष

सपुष्प झाडांवर काम करणाऱ्यांना हेवा वाटावा अशी एक गोष्ट सूचिपर्णींकडे असते. बीमध्ये गर्भाभोवती जो पोषक गर असतो (बाहेरचा लाल गर नव्हे), मेगागॅमेटोफाइट, तो फक्त आईचा असतो आणि त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणजे आईच्या दोन अलीलपैकी नेमका एक, बापाची भेसळ नाही.

बी रात्रभर भिजवा, कवच फोडा, सूक्ष्मदर्शकाखाली गर वेगळा करा. कवच पूर्ण काढायचं, कारण ते आईच्या दुहेरी संचाचं असतं. गर्भ अख्खा उचलायचा, कारण तो आईबाप दोघांचा. पहिली वीस-पंचवीस बियाणी हातात चिरडतात, मग हात बसतो. गराचा डीएनए छोट्या नळीत काढा आणि कमी पाण्यात विरघळवा.

आता तीन प्रश्न विचारा. पहिला: गरात एकच शिखर येतं का? एका संचात दोन अलील असूच शकत नाहीत. दोन आली, गर्भ आणि कवच नीट काढल्याची खात्री आहे, आणि प्रत्येक बीमध्ये तसंच होतंय, तर तुमचा प्रायमर जीनोममध्ये दोन जागी बसतोय. तो मार्कर कितीही देखणा असो, टाकून द्या. माझा सगळ्यात लाडका मार्कर, चौदा अलीलचा, इथेच गेला. झाडांच्या सुयांवर तो वर्षभर निर्दोष दिसत होता.

दुसरा: आई जर दोन अलीलची असेल तर तिच्या बियांत ते निम्मे निम्मे वाटले जातात का? एका आईची आठ बियाणी तपासा. वाटणी खरंच निम्मी असेल तर आठही बियांत एकच अलील येण्याची शक्यता १२८ मध्ये १. तसं झालं तर संशय घ्या. वाटणी किंचित वाकडी आहे का हे ठरवायला आठ पुरत नाहीत, तिथे तीस-चाळीस हवीत.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आई सुयांवर एकाच अलीलची दिसते, पण तिच्या निम्म्या बियांत काहीच उमटत नाही. त्याच नळ्यांवर दुसरा, खात्रीचा मार्कर लावा. तो सगळ्यांत उमटला तर डीएनए ठीक आहे आणि आईकडे मुका अलील आहे: प्रायमर बसायच्या जागीच अक्षर बदललंय, म्हणून तो दिसत नाही. मुके अलील फार फसवतात. त्यांच्यामुळे दोन अलीलची झाडं एका अलीलची दिसतात आणि आपण अहवालात लिहून टाकतो की या रानात अंतःप्रजनन वाढलंय. मायक्रोचेकरसारखी प्रणाली मुक्या अलीलचा अंदाज देते. बी पुरावा देते. बिया हाताशी नसतील तर निदान एवढं पाहा, की दुहेरीपणाची, म्हणजे दोन वेगळे अलील असणाऱ्या झाडांची, तूट सगळ्या मार्करांवर सारखी आहे की दोन-तीनच मार्करांवर. सगळ्यांवर असेल तर कारण झाडांच्या जीवनात शोधा. अंतःप्रजनन असेल, नाहीतर दोन वेगळे समूह एकत्र मोजले गेले असतील. दोन-तीनांवरच असेल तर दोष मार्करचा.

जाता जाता एक फायदा. गर आणि गर्भ दोन्ही वाचले की गर्भातून आईचा वाटा वजा करता येतो. उरतो तो बापाच्या परागाचा संच, अंदाज न लावता. बापाचं झाड शोधायला याहून सरळ वाट नाही.

आकडे वाचताना

दहा टक्के नमुने पुन्हा करा, डीएनए काढण्यापासून, आणि वाचणाऱ्याला ते कुठले हे सांगू नका. दोन वाचनांत किती फरक पडला ते मार्करवार लिहून ठेवा. शिखरांची लांबी अपूर्णांकात येते, १८३.४ वगैरे; ती हातानं गोल करत बसू नका, सगळ्या नमुन्यांची लांबी चढत्या क्रमानं मांडली की गट आपोआप दिसतात.

हार्डी-वाइनबर्ग (अलीलच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात आहेत का) आणि मार्करांमधला दुवा (दोन मार्कर एकत्र वारशात येतात का) जेनेपॉप या प्रणालीत तपासा. डझनावारी चाचण्या केल्यावर एखादी योगायोगानंच 'महत्त्वाची' निघते, तेव्हा दुरुस्ती लावा. इथवर येऊन सगळ्या मार्करांवर सगळी झाडं सारखीच निघाली, तर? घाबरण्याआधी वॉलेमाय पाइन आठवा. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये सापडलेलं हे झाड, रानात शंभराहून कमी मोठी झाडं, आणि सुरुवातीच्या तपासण्यांत झाडाझाडांत फरकच सापडला नाही. वैविध्य खरोखर नसूही शकतं. पण तसं म्हणण्याआधी तेच मार्कर दुसऱ्या रानात फरक दाखवतात हे सिद्ध करा. आठ खोऱ्यांतली झाडं निवडा म्हटलं ते यासाठीही.

लिंगाची नोंद इथे कामाला येते. परिणामकारक संख्येचं ढोबळ सूत्र असं: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर अधिक मादी. एका उतारावर शंभर थुनेर आहेत, त्यात नर १० आणि मादी ९०, तर उत्तर ३६. वनविभागाच्या मोजणीत शंभर, पुढच्या पिढीच्या दृष्टीनं छत्तीस. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात परिणामकारक संख्या ५०० च्या वर असलेल्या समूहांचं प्रमाण हा निर्देशक धरलाय, त्यामुळे हा आकडा आता सरकारी बैठकीतही विचारला जातो.

काम संपलं की प्रायमरचे अनुक्रम जेनबँक या सार्वजनिक साठ्यात टाका, आणि अपयशी जोड्यांची यादीही शोधनिबंधाच्या पुरवणीत द्या. पुढच्या माणसाचे पैसे वाचतील.

मग रोपवाटिकेत जा. थुनेर बीपासून रुजायला फार वेळ घेतो, म्हणून बहुतेक ठिकाणी छाट लावतात, आणि छाट सहसा हाताशी असलेल्या दोन-चार झाडांवरूनच घेतलेले असतात. एका वाफ्यावरच्या प्रत्येक रोपाची एक सुई घेऊन अकरा मार्कर लावले तर किती वेगळी झाडं आहेत ते दोन दिवसांत कळतं. आम्ही पाहिलेल्या वाफ्यातली बहुतेक रोपं तीनच झाडांची होती, आणि ती तिन्ही नर. वनरक्षकाला मी ते सांगितलं, तर त्यानं खिशातून वही काढली आणि म्हणाला, "नंबर लिखवा दो, किस-किस से काटना है." मी बावीस नंबर लिहून दिले, चौदा मादी आणि आठ नर, प्रत्येकापुढे खोऱ्याचं नाव. पेन्सिलीनं.